डोळ्यातील दाबाची कथा

काचबिंदू आणि मोतीबिंदू ही नावे आपल्याकडे जोडीने घेतली जातात. जणू सख्खे भाऊच! पण दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून दुसरे बसवले की माणूस पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागतो. काचबिंदूने नेलेली दृष्टी मात्र आजही कोणत्याही डॉक्टरला परत आणता येत नाही. मग या आजारात डोळ्याचे बिघडते तरी काय? या प्रश्नाचा माग काढायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली, आणि तो शोध अजूनही संपलेला नाही.

प्राचीन ग्रीक वैद्यांनी बाहुलीचा रंग पाहिला. ‘ग्लॉकोमा’ हे नाव निळसर-हिरवट झाक दाखवणाऱ्या शब्दापासून आले. आपल्याकडे सुश्रुताने ‘अधिमंथ’ नावाचा विकार वर्णिला आहे. रवीने घुसळावे तशी डोळ्यात वेदना, अर्धे डोके दुखणे, आणि वेळीच उपचार न झाल्यास थोड्या दिवसांत दृष्टीचा नाश. अनेक अभ्यासकांना त्यात काचबिंदूच्या तीव्र झटक्याशी साम्य दिसते. कोणी रंग पाहिला, कोणी वेदना ऐकली. पण डोळ्याला हात लावून पाहावा, हे कोणी केले?

रिचर्ड बॅनिस्टर या इंग्रज नेत्रवैद्याने १६२२ साली लिहून ठेवले की, अशा असाध्य रोगात पापणीवरून चाचपले असता डोळा नेहमीपेक्षा कठीण लागतो. सायकलवाला अंगठ्याने दाबून ट्यूबमधली हवा पाहतो ना, तसेच हे! पण ही गोष्ट बराच काळ मागे पडली. पुढे १८३० मध्ये ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झीने आपल्या ग्रंथात डोळ्याच्या या कठीणपणावर भर दिला, तेव्हा ती पुन्हा पुढे आली.

डोळा कठीण का होतो, ते आता आपल्याला ठाऊक आहे. डोळ्याच्या पुढच्या भागात एक निर्मळ पाणी सतत तयार होत असते. दर मिनिटाला एका थेंबाचा अगदी लहानसा अंश. (हे अश्रू नव्हेत, बरं का! अश्रू डोळ्याच्या बाहेरचे, हे आतले.) बुबुळाच्या कडेला, कोपऱ्यात, एक बारीक जाळी आहे. तिच्यातून हे पाणी झिरपून रक्तात मिसळते. मोरी तुंबली आणि नळ चालूच राहिला तर काय होते, ते कोणत्याही गृहिणीला विचारा. इथे मात्र पाणी बाहेर सांडायला जागा नसते, म्हणून दाब वाढतो.

दाब वाढला, पण नजर का जावी? १८५१ साली जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने नेत्रदर्शक यंत्राची माहिती प्रसिद्ध केली आणि जिवंत डोळ्याचा तळ प्रथमच दिसू लागला. बर्लिनच्या अल्ब्रेख्त फॉन ग्रेफला काचबिंदूच्या डोळ्यात दृष्टीच्या ज्ञानतंतूचे टोक वेगळेच दिसले. आधी त्याला तो उंचवटा वाटला. मग लक्षात आले, की हा तर खळगा आहे! याच ग्रेफने १८५७ मध्ये बुबुळाचा छोटा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया जाहीर केली. तीव्र झटक्यात अडलेल्या पाण्याला त्यामुळे वाट मिळे. आंधळे होणारे डोळे वाचू लागले. या क्षेत्रात भारताचेही नाव आहे. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट याने १९०९ मध्ये डोळ्याच्या भिंतीला सूक्ष्म भोक पाडून पाणी बाहेर काढण्याची पद्धत पुढे आणली, आणि ती परदेशांतही पोहोचली.

आता बोटाच्या जागी आकडा आला. नॉर्वेच्या श्योट्झने १९०५ मध्ये दाब मोजण्याचे सुटसुटीत उपकरण दिले. १९५० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडच्या गोल्डमानने त्याहून अचूक उपकरण तयार केले. १९५८ साली जर्मनीत सुमारे दहा हजार निरोगी लोकांचे डोळे मोजले गेले. सरासरी दाब भरला पाऱ्याच्या साडेपंधरा मिलिमीटरइतका, आणि वरची मर्यादा साधारण २१ मानली गेली. झाले! २१ च्या आत तो निरोगी, २१ च्या वर तो रोगी, असा जणू कायदाच होऊन बसला.

पण शरीर कायद्याची पोथी वाचत नाही. जपानमधील ताजिमी शहरात केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. तिथे काचबिंदूचा सर्वसाधारण, न दुखणारा प्रकार असलेल्या शंभरापैकी ९२ जणांचा दाब २१ किंवा त्याहून कमी होता! उलट बाजूही पाहा. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, दाब वाढलेला असूनही औषध न घेतलेल्या शंभरापैकी नव्वदांना पाच वर्षांत काचबिंदू झाला नाही. औषध घेणाऱ्यांत रोगाचे प्रमाण शंभरात साडेनऊवरून सुमारे साडेचारवर आले. म्हणजे दाब उतरवण्याचा लाभ खराच. पण दाब म्हणजे सारा रोग नव्हे.

मग दुसरा भागीदार कोण? तो आहे डोळ्याचा पोत. झिजलेल्या ट्यूबचा फुगा कुठे येतो? जिथे रबर पातळ, तिथेच. डोळ्याचे पांढरे कवच चिवट असते. पण मागच्या बाजूला ज्ञानतंतूचे दहा लाखांहून अधिक धागे बाहेर पडतात, तिथे चाळणीसारखी नाजूक पट्टी असते. पुढून डोळ्याचा दाब आणि मागून मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब, अशा दोहोंच्या मध्ये ती उभी. ती वाकली, मागे सरकली, की छिद्रांतून जाणारे धागे आवळले जातात आणि हळूहळू मरतात. एकाची चाळणी २५ चा दाब सोसते, दुसऱ्याची १६ लाही हार मानते.

गंमत अशी, की मोजणीसुद्धा पोतावरच अवलंबून आहे. गोल्डमानचे उपकरण डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा किंचित सपाट करून दाब सांगते. पडदा जाड असला तर आकडा फुगतो, पातळ असला तर खरा दाब लपतो. चष्मा घालवण्यासाठी ज्यांनी लेसरने हा पडदा पातळ करून घेतला आहे, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

वाचकहो, हा सारा इतिहास सांगण्याचे कारण अगदी घरगुती आहे. काचबिंदू बहुधा दुखत नाही. आधी कडेची नजर जाते. समोरचे अक्षर स्वच्छ दिसत राहते, आणि माणूस निर्धास्त असतो. दक्षिण भारतातील पाहण्यांत दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांना आपल्याला हा रोग आहे, याचा पत्ताच नव्हता. तेव्हा चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असे समजू नका. चाळिशी उलटली असेल, किंवा आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर दाब मोजून घ्याच. पण तेवढ्यावर न थांबता ‘डॉक्टर, माझ्या ज्ञानतंतूचे टोक कसे आहे?’ असेही विचारा. स्टेरॉइडचे थेंब मनाने आणून घालू नका. त्यांनी दाब वाढू शकतो. आणि दिलेले थेंब ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करू नका. त्यांनी नजर वाढत नाही, हे खरे. असलेली नजर राखणे, एवढेच त्यांचे काम. आणि ते काही थोडे नाही.