सेतु आणि सीमा : केल येथील ऱ्हाइनवरील पूल

पोथींत ‘सेतु’ हा शब्द आढळला कीं ‘पूल’ असा अर्थ करून पुढें जाण्याची आपल्याला संवय जडली आहे. वस्तुतः बांधणें या अर्थाच्या ‘सि’ धातूपासून झालेल्या या शब्दाचा ‘बांध’ हा अर्थही तितकाच जुना आहे. छांदोग्योपनिषदांत आत्म्यास सेतु म्हटलें आहे, तें हे लोक एकमेकांत मिसळूं नयेत म्हणून. आणि मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमेच्या तंट्याच्या प्रकरणीं हाच शब्द सीमेशीं जोडून येतो. जोडणें व अडविणें हे दोन्ही अर्थ एकाच बांधकामांत उतरलेले पाहावयाचे असल्यास ऱ्हाइन नदीवरील केलच्या पुलाकडे वळावें.

नदीच्या पश्चिमेस फ्रान्सचें स्ट्रासबुर्ग, पूर्वेस बाडेन राज्यांतील केल. येथें लांकडी पूल १३८८ सालीं झाला; एकोणिसाव्या शतकांत रस्त्याची रहदारी होड्यांच्या पुलावरून चाले. आगगाडीला तो पुरणारा नव्हता. म्हणून १८५७ सालीं उभय राज्यांत करार होऊन १८६१ सालीं लोखंडी पूल पुरा झाला. पायाचें काम फ्रेंचांकडे, वरील लोखंडी कामाचा भार बाडेनकडे. नदीचा तळ वाळूगोट्यांचा, म्हणून तळ नसलेल्या लोखंडी पेट्यांत दाबलेली हवा भरून पाणी बाहेर लोटीत व मजूर आंत उतरून खणीत. पाया अशा रीतीनें सुमारें २० मीटर खोल गेला. स्थापत्याच्या इतिहासांत या कृतीची नोंद आहे ती योग्यच आहे.

परंतु आमचें लक्ष वेधून घेतात ते पुलाचे दोन शेवटचे गाळे. मधले तीन गाळे जाळीदार तुळयांचे व स्थिर. दोन्ही तीरांलगतचा एकेक गाळा मात्र फिरता. युद्धाची चाहूल लागतांच ज्यानें त्यानें आपला गाळा वळवावा व वाट बंद करावी, अशी ही योजना. तहनामे हरवतात, त्यांच्या नकला फिरविल्या जातात. येथें उभयतांचा परस्परांवरील अविश्वास लोखंडांतच कोरलेला होता. त्याहून अस्सल कागद कोणता?

नऊ वर्षांनीं त्याची प्रचीति आली. १९ जुलै १८७० रोजीं युद्ध जाहीर झालें, आणि २२ जुलै रोजीं बाडेनच्या सैन्यानें, नुसता गाळा वळविण्यावर न भागवितां, आपल्या तीराकडील भाग सुरुंगानें उडवून दिला.

१८७१ सालीं आल्सेस जर्मनीकडे गेल्यानें सीमा नदीवरून दूर हटली. त्याच काळांत, १८९७ सालीं, होड्यांच्या जागीं रस्त्याचा लोखंडी पूल आला. पहिल्या महायुद्धानंतर सीमा पुन्हां नदीवर आली व दुसऱ्या महायुद्धांत पूल पुन्हां उद्ध्वस्त झाले. रस्त्याचा आजचा पूल १९६० चा, रेल्वेचा २०१० चा, ट्रामचा २०१७ चा. यांपैकीं एकालाही फिरता गाळा नाहीं. तरीही २०२० च्या मार्चांत महामारीच्या निमित्तानें जर्मनीनें सीमेवर पुन्हां तपासणी बसविली.