नवशिक्यांची जोड

कुस्तीच्या आखाड्यात जोड लावताना वस्तादाची नजर पुरेशी असते. मल्लाची उंची आणि खांद्यांचा भार पाहून कोणाची गाठ कोणाशी घालावी, हे तो ठरवितो. बुद्धिबळाच्या पटावर बळ असे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून या खेळात नवशिक्यांचा वेगळा गट काढणे सोपे, परंतु तो खरोखरीच नवशिक्यांचा राखणे कठीण. चेन्नईच्या बुद्धिबळाच्या इतिहासात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो.

१९६१ साली भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर झालेले मॅन्युएल एरन हे याच शहराचे. १९७२ मध्ये त्यांच्या प्रेरणेने तेथील सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल चेस क्लब सुरू झाला. जलद डावांत जिंकणाऱ्याने पटावर बसून राहावयाचे आणि हरणाऱ्याने उठावयाचे, असा तेथील रिवाज होता. विश्वनाथन आनंद लहानपणी या तालमीत घडला. परंतु अशा रिवाजात दुबळ्या खेळाडूच्या वाट्यास खेळणे थोडे आणि पाहणे फार येते. क्लबात ते खपून जाते. शुल्क भरून स्पर्धेस आलेल्या नवागतावर मात्र तो अन्याय ठरतो.

मग गट पाडावयाचे कशावरून? वयावरून पाडले, तरी समान वय म्हणजे समान बळ नव्हे. १९८३ मध्ये राष्ट्रीय सब-ज्युनियर स्पर्धेत आनंदने नऊपैकी नऊ गुण मिळविले, ते समवयस्कांतच!

दुसरा मार्ग गुणांकाचा. अमेरिकेतील प्राध्यापक अर्पाद एलो यांची गुणांकपद्धती आंतरराष्ट्रीय महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. आरंभी तिच्या यादीत साधारणतः २२०० गुणांकाच्या खालील खेळाडूस स्थान नव्हते. ही मर्यादा १९९३ मध्ये २००० वर आली आणि उतरत उतरत २०१२ मध्ये १००० वर पोहोचली. अशा रीतीने सामान्य खेळाडूंच्या बळासही आकडा लाभला, आणि ‘१६०० च्या खालील’ यांसारख्या स्पर्धांना चेन्नईत व इतरत्र आधार मिळाला.

तथापि गुणांक हा खेळून झालेल्या डावांचा हिशेब आहे, आणि नवागताजवळ तर असे डावच नसतात. गुणांक नसलेला खेळाडू दुबळाच असेल, असेही नाही. म्हणून पहिल्या ३० डावांपर्यंत नव्या खेळाडूचा गुणांक मुरलेल्या सामान्य खेळाडूच्या दुप्पट वेगाने बदलू दिला जातो. तरीही २०२० च्या महासाथीत स्पर्धा थांबल्या, मुले घरी बसून शिकत राहिली, आणि बळ पुढे जाऊन आकडा मागे राहिला. अखेर मार्च २०२४ मध्ये महासंघाने २००० च्या खालील सर्वांचे गुणांक एकदाच वाढविले. १००० चे १४०० झाले, तर १६०० चे १७६० झाले.

याखेरीज कपटाचाही धोका असतोच. बक्षिसाची रक्कम मोठी असली, की कोणी मुद्दाम हरून गुणांक उतरवितो आणि खालच्या गटात शिरतो. अमेरिकेतील महासंघाने यावर उपाय योजला आहे. खेळाडूने एकदा गाठलेल्या सर्वोच्च गुणांकाखाली सुमारे २०० ते ३०० गुणांवर तेथे एक तळ ठरतो. त्याहून खाली त्याचा गुणांक उतरत नाही.

नवशिक्याचा पराभव टाळणे हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू नव्हे. हरल्यावाचून हा खेळ कोणासही आलेला नाही. हेतू एवढाच, की त्याने ज्याच्याकडून हरावे, तोही त्याच्यासारखाच शिकणारा असावा. ही खात्री असली, म्हणजे हरलेले मूल पुढच्या स्पर्धेस पुन्हा येऊन पटावर बसते. आणि आखाडा असो वा पट, नवे खेळाडू येत राहिले तरच तो चालतो.