शिलिंगभर विनोद

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी विनोदी कादंबरीला जे सैल, रेंगाळणारे आणि पात्रांच्या बोलण्यावर पोसलेले रूप आले, त्यात लेखकांच्या प्रतिभेइतकाच तत्कालीन पुस्तकविक्रीचाही वाटा होता. त्या काळी नवी कादंबरी बहुधा तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग, म्हणजे दीड गिनी असे. वीस शिलिंगांचा पौंड धरता ही रक्कम सामान्य कारकुनाच्या आवाक्याबाहेरची होती. 1836 मध्ये चॅपमन अँड हॉल या लंडनच्या प्रकाशनसंस्थेने ‘पिकविक पेपर्स’ एक शिलिंगाच्या मासिक हप्त्यांत विकायला काढले, तेव्हा हा वाचक प्रथमच मोठ्या संख्येने ग्राहक झाला.

मूळ कल्पना चित्रकार रॉबर्ट सेमूरची होती: शिकारीची हौस असलेल्या, पण बंदूक धड न धरता येणाऱ्या शहरी मंडळींची चित्रे तो काढणार आणि मजकूर केवळ त्यांना जोड म्हणून येणार. चोवीस वर्षांच्या चार्ल्स डिकन्सने मात्र चित्राने मजकुरामागून यावे असा आग्रह धरला, आणि दुसरा हप्ता निघण्यापूर्वीच सेमूरने आत्महत्या केल्यावर सूत्रे पूर्णपणे लेखकाकडे आली. आरंभी काही शेकड्यांत असलेला खप अखेरीस चाळीस हजारांच्या घरात गेला, आणि ही चढण लागली ती चौथ्या हप्त्यात सरायीतला बूटपुश्या सॅम वेलर अवतरल्यानंतर. एखादे घासून गुळगुळीत झालेले वाक्य भलत्याच बिकट प्रसंगात सापडलेल्या माणसाच्या तोंडी घालण्याची त्याची लकब ‘वेलरिझम’ या नावाने प्रसिद्ध झाली. दोन हप्त्यांत महिन्याचे अंतर पडत असल्याने पात्र तोंड उघडताच ओळखू येणे ही व्यवहाराची गरज होती. तुटक, क्रियापदे गाळून बोलणारा जिंगल हा भामटा त्याच गरजेला शोभतो. कथानक नाही हा टीकाकारांचा आक्षेप खरा आहे, पण तो चुकीच्या जागी घेतलेला आहे.

पुढे 1870 च्या शिक्षण कायद्यानंतर साक्षर कारकुनांचा वर्ग वाढत गेला आणि तोच विनोदाचा वाचकही झाला, विषयही. ग्रॉसस्मिथ बंधूंची ‘डायरी ऑफ अ नोबडी’ 1888-89 मध्ये ‘पंच’ साप्ताहिकातून आली. तिचा नायक पूटर हा आपल्या प्रतिष्ठेला सतत जपणारा कारकूनच. जेरोम के. जेरोमची ‘थ्री मेन इन अ बोट’ (1889) मुळात थेम्स नदीच्या प्रवासवर्णनासाठी योजलेली होती, हे तिच्यात मधूनच उगवणाऱ्या गंभीर इतिहासाच्या परिच्छेदांवरून अजूनही कळते. तिची भाषा हलक्या वर्गाची म्हणून समीक्षकांनी नाके मुरडली. वाचकांनी ती भरभरून विकत घेतली.

‘पिकविक’ सलग वाचणाऱ्यास पाल्हाळिक वाटतो. तो मूळच्या हप्त्यांप्रमाणे, एका बैठकीत दोन-तीन प्रकरणांहून अधिक न घेता वाचावा.