लेबलवर नाव नसलेल्या तिघी

फोनवर मार्विन गेचं 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' लावा. हेडफोन असतील तर उत्तमच. पहिल्यांदा ऐकताना लक्ष मार्विनकडेच जाईल आणि ते साहजिक आहे. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र त्याला जरा बाजूला ठेवा आणि त्याच्या मागे गाणाऱ्या बायका ऐका. त्या कधी त्याला दुजोरा देतात, कधी त्याच्या संशयात तेल ओततात. त्यांना वगळलं तर गाणं अर्धंच उरेल.

1968 च्या डिसेंबरात हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि सात आठवडे तिथून हललं नाही. रेकॉर्डच्या लेबलवर गायकाचं नाव होतं, गीतकारांची होती, निर्मात्याचं होतं. या बायकांचं नव्हतं.

त्यांची नावं जॅकी हिक्स, मार्लिन बॅरो आणि लूव्हेन डेम्प्स. तिघींच्या गटाचं नाव 'द अँडांटेज'. पाश्चात्त्य संगीतात 'अँडांटे' म्हणजे शांतपणे चालत जावं तशी लय. 1960 च्या दशकात तुम्ही रेडिओ लावला असता, तर या तिघींना टाळणं जवळपास अशक्य होतं. आणि तरीही त्या कोण, हे फारच थोड्यांना सांगता आलं असतं.

ही गोष्ट त्या तिघींची आहे. आणि थोडी, हजारो किलोमीटरवर राहून त्यांचा माग काढणाऱ्या वेड्या लोकांचीही.

कारखाना

डेट्रॉइट हे मोटारींचं शहर. तिथल्या बेरी गॉर्डीने 1959 मध्ये घरच्यांकडून 800 डॉलर उसने घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली. तीच पुढे मोटाउन म्हणून जगाला माहीत झाली. गॉर्डीने त्याआधी मोटारींच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम केलं होतं. एका टोकाला नुसता सांगाडा आत जातो, प्रत्येक जण आपापला भाग बसवतो आणि दुसऱ्या टोकाने चकचकीत गाडी बाहेर पडते. गाणी अशीच बनवायची, असं त्याने ठरवलं. वेस्ट ग्रँड बुलव्हार्डवरच्या एका साध्या घरात त्याने स्टुडिओ थाटला आणि दारावर पाटी लावली: हिट्सव्हिल यूएसए.

या असेंब्ली लाइनवर गीतकार होते, वादक होते, शिष्टाचार शिकवणारे होते, नाच बसवणारे होते. आणि मागचे आवाज देणाऱ्या अँडांटेज होत्या. जॅकी आणि मार्लिन चर्चमध्ये गाऊन तयार झालेल्या. लूव्हेनचा आवाज तिघींत सर्वात वरच्या पट्टीतला. तिघींचे सूर असे मिसळत की एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळत नसे. निर्मात्याने चाल ऐकवायची, यांनी आपापसांत सूर वाटून घ्यायचे आणि गायला लागायचं.

आपल्याकडे कीर्तनात मागे टाळकरी उभे असतात. बुवांचं नाव पत्रिकेत छापलं जातं, टाळकऱ्यांचं नाही. पण टाळकरी निदान सगळ्यांसमोर उभे असतात, गावातले लोक त्यांना ओळखतात. या तिघी मात्र दिसतही नव्हत्या.

मेरी वेल्सचं 'माय गाय' 1964 मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यात मागे याच. फोर टॉप्स हा चार पुरुषांचा गट, पण 'रीच आउट आय विल बी देअर'मध्ये वर चढत जाणारे बायकांचे आवाज ऐकू येतात, तेही यांचेच. त्यांनी किती गाण्यांना आवाज दिला याचा नेमका हिशेब लावणं कठीण, कारण नोंद ठेवावी असं तेव्हा कुणाला वाटलंच नव्हतं.

नाव एकीचं, आवाज दुसरीचा

मागे गाणाऱ्यांचं नाव न छापणं हा त्या काळचा रिवाज होता, असं म्हणून सोडून देता येईल. पण मोटाउनमध्ये गोष्ट त्याच्या पुढे गेली.

'सुप्रीम्स' हा मोटाउनचा सर्वात यशस्वी मुलींचा गट. 1968 मध्ये त्यांचं 'लव्ह चाइल्ड' पहिल्या क्रमांकावर पोचलं. लेबलवर छापलं होतं: डायना रॉस अँड द सुप्रीम्स. प्रत्यक्षात त्या गाण्यात डायना रॉस आहे, सुप्रीम्समधल्या बाकीच्या दोघी नाहीत. त्यांच्या जागी अँडांटेज आहेत. 1970 मध्ये 'मार्व्हलेट्स' या दुसऱ्या गटाच्या नावाने एक अल्बम आला. त्यात मार्व्हलेट्सपैकी एकट्या वांडाचा आवाज, मागे पुन्हा अँडांटेज. 1967 मध्ये सुप्रीम्सची फ्लॉरेन्स बॅलर्ड काही कार्यक्रमांना नव्हती, तेव्हा मार्लिन बॅरो तिच्या जागी मंचावर उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या सुप्रीम्ससाठी.

यात दोन्ही बाजूंनी अन्याय आहे. ज्यांचं नाव छापलं त्यांना गाऊ दिलं नाही. ज्यांनी गायलं त्यांचं नाव छापलं नाही. फायदा फक्त नावाचा, म्हणजे ब्रँडचा झाला. आणि ब्रँड कंपनीचा होता.

एकदाच असं झालं की लेबलवर 'द अँडांटेज' ही अक्षरं छापली गेली. 1964 मध्ये मोटाउनच्या व्ही.आय.पी. या उपलेबलने त्यांच्या नावाने '(लाइक अ) नाइटमेअर' ही सात इंची तबकडी काढली. ती बाजारात धड पोचलीच नाही. थोड्या प्रती निघाल्या आणि विषय संपला. गंमत, किंवा दुर्दैव, पुढे आहे. त्या गाण्यातला मुख्य आवाज तिघींपैकी कुणाचाच नाही. तो अ‍ॅन बोगन या वेगळ्याच गायिकेचा आहे. म्हणजे ज्या असंख्य रेकॉर्ड त्यांच्या आवाजावर उभ्या आहेत त्यांवर त्यांचं नाव नाही, आणि जिच्यावर नाव आहे तिच्यात पुढे गाणारी दुसरीच.

1972 मध्ये मोटाउनने डेट्रॉइटमधला मुक्काम हलवून लॉस एंजेलिस गाठलं. अँडांटेजचं काम थांबलं.

दरम्यान, इंग्लंडच्या उत्तरेत

आता अटलांटिक ओलांडून इंग्लंडच्या उत्तरेकडे जाऊ. मँचेस्टर, विगन, ब्लॅकपूल. कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी, कारखाने. आठवडाभर पाळ्या करायच्या आणि शनिवारी रात्रभर नाचायचं, अशी तिथल्या पोरापोरींची रीत. त्यांना हवा होता 1960 च्या दशकाच्या मधला, मोटाउनच्या वळणाचा जलद ताल. अमेरिकेत काळ्यांचं संगीत तोवर फंककडे वळलं होतं. इथल्यांना मात्र जुनंच हवं होतं.

लंडनमध्ये डेव्ह गॉडिन नावाचा सोल संगीताचा जाणकार रेकॉर्डचं दुकान चालवायचा. फुटबॉलच्या सामन्यांसाठी उत्तरेकडून आलेली मुलं दुकानात येऊन नव्या गाण्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. त्यांच्या आवडीला त्याने नाव दिलं: नॉर्दर्न सोल. 1970 मध्ये 'ब्लूज अँड सोल' मासिकातल्या त्याच्या स्तंभातून ते सगळीकडे पसरलं. हे अमेरिकेतल्या कुठल्या शैलीचं नाव नाही. ऐकणाऱ्यांच्या गावावरून गाण्याला पडलेलं नाव आहे.

1973 मध्ये विगन कसिनो सुरू झालं. नाव कसिनो असलं तरी तो जुगाराचा अड्डा नव्हता, जुना नाचाचा हॉल होता. पहाटे दोनला दार उघडायचं ते सकाळी आठपर्यंत. दारू मिळत नसे. गिरक्या नीट घेता याव्यात म्हणून फरशीवर टाल्कम पावडर टाकायची. 1981 मध्ये ते बंद झालं.

या नाचाला सतत नवी 'जुनी' गाणी लागत. गाजलेली सगळ्यांना पाठ होती, म्हणून शोध सुरू झाला न गाजलेल्यांचा. अमेरिकेतल्या गोदामांत, बंद पडलेल्या दुकानांत पडीक माल होता. ज्या तबकड्या तिथे कुणी फुकटही नेत नव्हतं, त्या इथे सोन्याच्या भावाने जाऊ लागल्या.

तबकडी वाचायची कशी

गाणं सापडलं की प्रश्न यायचा: हे गातंय कोण? लेबलवर एखाद्या गटाचं नाव असे, त्याचा पुढचा-मागचा पत्ता नसे. मग लोक तबकडी ऐकण्यासोबत वाचायलाही शिकले.

गाणं संपतं आणि लेबल सुरू होतं, त्यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर टोकदार सुईने कोरलेले आकडे असतात. त्यांवरून तबकडी कुठल्या मास्टरवरून निघाली ते कळतं. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात तयार झालेल्या तबकडीवर छोटा त्रिकोण आणि क्रमांक असतो. हे क्रमांक ओळीने वाढत जातात, म्हणून ती साधारण कधीची हे ठरवता येतं. लेबलवरचा गीतकार, प्रकाशन कंपनी, निर्माता, ही नावं आणखी कुठल्या रेकॉर्डवर आहेत ते बघायचं. मग कान: ही वरच्या पट्टीतली बाई आपण आधी कुठे ऐकली? असं करत करत एका गाण्यातली लूव्हेन दुसऱ्या गाण्यात ओळखू यायला लागते.

हा इतिहास लिहिण्याचाच प्रकार आहे. कागदपत्रांनी ज्यांना वगळलं, त्यांना वस्तूवरच्या ओरखड्यांतून शोधायचं.

पण या मंडळींना संत करायची गरज नाही. क्लबांच्या डीजेंमध्ये चुरस असायची. आपल्याला सापडलेलं गाणं दुसऱ्याला मिळू नये म्हणून ते लेबलवर कागद चिकटवत आणि गाण्याला खोटं नाव देत. याला 'कव्हर-अप' म्हणत. म्हणजे कंपनीने एकदा पुसलेलं नाव चाहत्याने दुसऱ्यांदा पुसलं, तेही प्रेमापोटी! शिवाय दुर्मीळ तबकड्यांच्या चोरट्या नकला छापून विकणारेही होतेच.

आणि पैशांचं काय? फ्रँक विल्सनची 'डू आय लव्ह यू' ही मोटाउनचीच 1965 ची तबकडी. तिच्या जवळपास सगळ्या प्रती नष्ट केल्या गेल्या. 2009 मध्ये तिची एक प्रत 25 हजार पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली. जुनी तबकडी विकली की पैसे विकणाऱ्याला मिळतात, गायकाला त्यातलं काहीच मिळत नाही. एवढंच नाही, ती दुर्मीळ असते कारण गायकाचं नशीब तेव्हा फिरलं होतं. संग्राहकाची किंमत गायकाच्या अपयशावर उभी असते. 'नाइटमेअर'च्या एका प्रतीसाठी जीव टाकणाऱ्यांना हे माहीत नसतं असं नाही.

तबकडीकडून माणसाकडे

तरी याच वेडातून काही चांगलं घडलं. ब्रिटनमधल्या मागणीमुळे 1971 मध्ये मोटाउनची जुनी गाणी तिथे पुन्हा निघाली. एल्जिन्स या गटाचं 1966 चं गाणं पाच वर्षांनी ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं, आणि तोवर मोडलेला हा गट दौऱ्यासाठी पुन्हा बांधावा लागला. व्हेल्व्हेलेट्स या मुलींच्या गटाचं जुनं गाणंही त्याच वर्षी तिथल्या यादीत शिरलं.

ब्लॅकपूल मेक्का या क्लबचा डीजे इयन लिव्हाइन याने तरुणपणी अमेरिकेतून हजारो तबकड्या आणल्या होत्या. 1989 मध्ये तो पुन्हा डेट्रॉइटला गेला, तो तबकड्यांसाठी नाही, माणसांसाठी. मोटाउनच्या जुन्या कलाकारांना त्याने हिट्सव्हिलच्या दारात गोळा केलं आणि मोटरसिटी या लेबलसाठी त्यांच्याकडून नवी गाणी गाऊन घेतली. त्यांत अँडांटेजही होत्या, या वेळी स्वतःच्या नावाने. धंदा म्हणून हा खेळ फसला. पण त्या तिघींना विचारणारं कुणीतरी आलं.

2007 मध्ये इंग्लंडात अँडांटेजचं चरित्र निघालं, तिघींच्या सहभागाने लिहिलेलं. मोटाउनच्या सगळ्या सिंगल्सचे वर्षवार संच निघाले, तेव्हा 1964 च्या संचात 'नाइटमेअर'ही आलं. आता ते ऐकायला हजारो पौंड लागत नाहीत. मार्लिन 2015 मध्ये गेली. जाण्याआधी तिचं नाव छापलेलं तिने पाहिलं होतं.

हा न्याय झाला का? पुरता नाही. गेलेली वर्षं परत येत नाहीत, आणि न मिळालेली रॉयल्टीही. पण चाळीस-पन्नास वर्षं फक्त कानाच्या भरवशावर काही लोक विचारत राहिले की ही मागे गाणारी कोण. त्यांनी विचारलं नसतं, तर आज मला ही तीन नावं तुम्हाला सांगता आली नसती.

आता मार्विनचं गाणं पुन्हा एकदा लावा. सर्वात वरचा आवाज ऐकू येतोय ना? ती लूव्हेन. तिच्या खाली मार्लिन आणि जॅकी.