झोपेचा दावा

बांधासाठी माणसे कोर्टात जातात, वाटणीसाठी जातात, विहिरीच्या पाण्यासाठी जातात आणि केवळ भावकीची खोड मोडावी म्हणूनही जातात. त्याचे आपल्याकडे कोणाला नवल वाटत नाही. परंतु 'आम्हांला रात्री झोपू द्या' एवढेच मागणे घेऊन शेजारपाजारच्या माणसांनी थेट सरकारवर दावा लावावा आणि तो बारा वर्षे नेटाने चालवावा, ही गोष्ट दुर्मीळच म्हटली पाहिजे. जपानातील कावानिशी गावच्या २८ रहिवाशांनी १९६९ च्या डिसेंबरात असा दावा लावला. पुढे त्यात आणखी माणसे मिळत गेली आणि वादींची संख्या अडीचशेच्या वर गेली. हा दावा ते जिंकले की हरले, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणूनच तो सविस्तर सांगण्याजोगा आहे.

वाचकांनी क्षणभर नकाशा डोळ्यांपुढे आणावा. ओसाका हे जपानातील एक थोरले व्यापारी शहर. त्याच्या वायव्येला, दाट वस्तीच्या ऐन मध्यावर एक विमानतळ आहे. कागदोपत्री त्याचे नाव ओसाका आंतरराष्ट्रीय विमानतळ, पण लोक त्याला इतामीचा विमानतळ म्हणतात. त्याची जमीन तोयोनाका, इकेदा आणि इतामी या तीन गावांत विभागलेली आहे. गावे म्हटले तरी ती आपल्या ठाण्या-कल्याणासारखी, एकमेकांना चिकटलेली शहरेच. बहुतेक विमाने आग्नेयेकडून, ओसाका व तोयोनाकाच्या छपरांवरून खाली उतरतात आणि वायव्येकडे तोंड करून उडतात. त्या उड्डाणाच्या वाटेत कावानिशी येते. म्हणजे उतरणाऱ्या विमानाची किंकाळी तोयोनाकाच्या वाट्याला आणि चढणाऱ्या विमानाची गर्जना कावानिशीच्या वाट्याला, अशी ही वाटणी होती.

विमानतळ सुरू झाला १९३९ साली. त्याच्या बांधकामावर कोरियातून आलेले मजूर राबले होते. काम सरल्यावर त्यांतील कित्येकांनी तिथेच, विमानतळाच्या कडेला सरकारी जमिनीवर आसरा शोधला. त्या वस्तीचे नाव नाकामुरा. तिच्याकडे पुन्हा वळावे लागणार आहे. १९४५ मध्ये जपानचा पराभव झाला आणि विमानतळ अमेरिकन सैन्याच्या ताब्यात गेला. तो १९५८ साली परत मिळाला व पुढच्याच वर्षी त्याला आंतरराष्ट्रीय दर्जा देण्यात आला. तोवर पंख्याची विमाने होती. त्यांचा आवाज लोकांनी, गिरणीच्या भोंग्याची सवय व्हावी तसा, अंगवळणी पाडून घेतला होता.

१९६४ च्या जूनमध्ये जेट विमाने आली आणि सवयीचा प्रश्नच उरला नाही. त्याच वर्षी आसपासच्या नगरपालिकांनी एकत्र येऊन या आवाजाविरुद्ध एक समिती स्थापन केली. म्हणजे ओरड प्रथम गावच्या कारभाऱ्यांनी केली. तिचा परिणाम मात्र फारसा झाला नाही. कारण ओसाकात १९७० साली जागतिक प्रदर्शन भरायचे होते. देशोदेशींचे पाहुणे यायचे होते आणि त्यांच्यासाठी ३,००० मीटर लांबीची नवी धावपट्टी बांधली जात होती. ती १९७० च्या फेब्रुवारीत सुरू झाली. दावा दाखल झाला तो त्याच्या दोनच महिने आधी. लग्नघरात पाहुण्यांची सरबराई चालू असताना घरातल्या आजाऱ्याने कण्हू नये अशी अपेक्षा असते. कावानिशीचे लोक नेमके त्याच वेळी कण्हले.

या आवाजाने घरात काय होते, ते वादींनी कोर्टापुढे मांडले. त्यात मोठे नाट्य काही नाही. विमान डोक्यावरून जाताना बोलणे मध्येच थांबवावे लागते. टेलिफोन कानाला लावून नुसते उभे राहावे लागते. टेलिव्हिजनवरचे चित्र थरथरते आणि शब्द हरवतात. तान्ही मुले दचकून उठतात, अभ्यासाला बसलेल्या मुलाचे ध्यान मोडते. रात्री झोप लागते न लागते तोच भिंती हादरतात. आणि या साऱ्यावर, एखादे दिवशी हे यंत्र आपल्याच छपरावर कोसळेल ही धास्ती. एकेक तक्रार सुटी घेतली तर क्षुल्लक वाटेल. परंतु दर काही मिनिटांनी, रोज, वर्षानुवर्षे ती सोसावी लागली म्हणजे माणसाचा स्वभाव बदलतो, आणि घराघरांतले स्वभाव बदलले म्हणजे गल्लीचाही बदलतो. दारात उभे राहून दोन शब्द बोलणे बंद होते. शेजार हा बऱ्याच अंशी आवाजावर उभा असतो. हाक, ओ, भांड्यांची खणखण, कुणाच्या तरी पोराचे पाढे. त्यावर दुसरा आवाज येऊन बसला की शेजारी दिसतात, पण शेजार राहत नाही.

मी पेशाने शिक्षक. त्यामुळे शाळांची हकीकत मला अधिक लागली. जपान सरकारने १९६७ साली विमानांच्या आवाजाबद्दल एक कायदा केला व विमानतळाजवळच्या शाळांना आवाज अडवणाऱ्या इमारती बांधण्यासाठी पैसे दिले. खिडक्या घट्ट बंद झाल्या. सरकारचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. तथापि ज्याने वर्ग चालवला आहे त्याला ठाऊक असते की, शिकवणे म्हणजे एक वाक्य सरळ शेवटपर्यंत नेणे. ते मध्येच तुटले तर पोरांचे लक्ष पुन्हा गोळा करायला दुप्पट वेळ लागतो. पार्ल्याला किंवा कुर्ल्याला विमानांखाली शिकवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना हे अधिक समजावून सांगायला नको.

वादींचे मागणे मोजके होते. रात्री ९ ते सकाळी ७ विमाने बंद ठेवा, झालेल्या त्रासाची भरपाई द्या आणि त्रास चालू राहील तोवरची पुढचीही द्या. विमानतळच हलवा, असे या दाव्यात म्हटलेले नव्हते. ते मागणे दुसऱ्या मार्गाने पुढे आले. इतामीच्या नगरपालिकेने १९७३ साली ठराव करून, आपले शहर हा विमानतळ हटवू इच्छिणारे शहर आहे असे जाहीर केले. दाव्यातील लोक मात्र रात्रीला धरून बसले, आणि त्यात मोठे शहाणपण होते. दिवसाच्या आवाजावर वाद घालता येतो, व्यापार, प्रवास, नोकऱ्या असे शंभर मुद्दे पुढे करता येतात. रात्रीच्या झोपेपुढे त्यांतला एकही मुद्दा टिकत नाही. पुढे सरकारी मोजमापातही हे मान्य झाले. जपानने विमानांच्या आवाजासाठी १९७३ साली जे मानक ठरवले, त्यात संध्याकाळी ७ नंतरचे एक विमान दिवसाच्या तीन विमानांइतके, आणि रात्री १० ते सकाळी ७ मधले एक विमान दहा विमानांइतके धरण्यात आले. रात्र दिवसाच्या दहापट भारी असते, हे असे गणितात उतरले.

ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने १९७४ च्या फेब्रुवारीत निकाल दिला. रात्री १० ते सकाळी ७ विमाने बंद, आणि मागील त्रासाची भरपाई. ९ ते १० हा एक तास लोकांच्या पदरात पडला नाही. ज्या तासाला मुले झोपतात नेमका तोच तास. लोक वरच्या कोर्टात गेले, सरकारही गेले. १९७५ च्या नोव्हेंबरात ओसाकाच्या उच्च न्यायालयाने लोकांचे जवळजवळ सगळे म्हणणे मान्य केले. बंदी ९ पासून, आणि भरपाई मागचीही व पुढचीही. या निकालानंतर रात्री ९ नंतरची उड्डाणे प्रत्यक्षात थांबली. तरीही सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

इथून पुढची हकीकत विलक्षण आहे, आणि तिचा एक भाग तर जवळजवळ अर्धे शतक झाकलेला राहिला. खटला प्रथम पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढे चालला. १९७८ साली तिथली सुनावणी संपली होती व निकालाची वाट पाहिली जात होती. अशा वेळी सरकारने, हा खटला सर्व न्यायमूर्तींच्या पूर्ण पीठाकडे द्यावा अशी विनंती केली, आणि तो तसा गेलाही. त्या पाचांपैकी एक होते शिगेमित्सु दांदो, फौजदारी कायद्याचे नामांकित पंडित आणि तोक्यो विद्यापीठातील एकेकाळचे प्राध्यापक. त्यांना टिपणे ठेवण्याची सवय होती. त्यांचे निधन २०१२ साली झाले. त्यांचे कागद क्योतोच्या रयुकोकु विद्यापीठात आले आणि २०२३ साली त्यांतील एक टिपण लोकांपुढे आले. खटला पूर्ण पीठाकडे द्यावा असे सुचवणारा दूरध्वनी एका माजी सरन्यायाधीशांकडून आला होता, अशी नोंद त्यात आहे, आणि असा हस्तक्षेप गैर असल्याचा सात्त्विक संताप दांदो यांनी तिथेच लिहून ठेवला आहे. कावानिशीच्या वादींना यातले काही ठाऊक नव्हते. ते फक्त तारखा मोजत होते.

पूर्ण पीठाचा निकाल १६ डिसेंबर १९८१ रोजी लागला. मागील त्रासाची भरपाई कायम झाली. पुढची भरपाई नाकारली गेली. आणि रात्रीची बंदी? ती मागणीच अशा दाव्यात करता येत नाही, असे बहुमताने ठरले. कारण असे की, विमानतळाचा मालक म्हणून चालवलेला कारभार आणि विमानांच्या वाहतुकीवरचा शासनाचा अधिकार हे दोन्ही एकत्र विणलेले आहेत. दिवाणी दाव्याने त्यांतला एक धागा ओढता येणार नाही. मग दुसऱ्या कोणत्या प्रकारच्या दाव्याने येईल? तो प्रश्न कोर्टाने तूर्त बाजूला ठेवला. बारा वर्षे चालून आलेल्या माणसाला, 'हे दार तुमचे नव्हे, तुमचे दार कोणते ते आम्ही सांगत नाही,' असे म्हणण्यासारखेच हे झाले. दांदो यांच्यासह चार न्यायमूर्तींनी या मुद्द्यावर विरोधी मत नोंदवले.

कायद्याच्या दृष्टीने लोक हरले. परंतु त्या रात्री ९ वाजल्यानंतर विमाने पुन्हा सुरू झाली नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, पुढच्या वर्षी नाहीत, आणि आजतागायत नाहीत. इतामीचा विमानतळ सकाळी ७ ला उघडतो व रात्री ९ ला बंद होतो. दिवसाच्या उड्डाण-उतरण्यांनाही ३७० ची मर्यादा आहे. उरलेल्या दाव्यांची १९८४ साली तडजोड झाली. जे कोर्टाने दिले नाही, ते सहा-सात वर्षांच्या वहिवाटीने दिले. शांत रात्रीची एकदा सवय झालेल्या लाखो माणसांच्या डोक्यावरून पुन्हा विमान नेण्याची छाती कोणत्याही मंत्र्याला झाली नाही. माझ्या मते या दाव्याचे खरे यश हेच आहे. निकालाच्या कागदावर ते कुठेही लिहिलेले नाही.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९७४ पासून सरकारने विमानतळाभोवतालच्या मुलखाचे पट्टे पाडले. एका पट्ट्यात घरांना आवाज अडवणाऱ्या दुहेरी खिडक्या व वातानुकूलन यंत्रे यांसाठी साहाय्य मिळे. त्याच्या आतल्या, अधिक त्रासाच्या पट्ट्यात घर विकून दुसरीकडे जायचे असेल त्याला सरकार मोबदला देई. सक्ती नव्हती. ज्याला जायचे तो गेला, ज्याला राहायचे तो राहिला. त्यामुळे गल्ल्या एकदम उठल्या नाहीत, त्या किडलेल्या दातांसारख्या मधूनमधून पडत गेल्या. इथे एक रिकामा प्लॉट, तिथे कुंपण घातलेली सरकारी जमीन. गिऱ्हाईक घटले की वाण्याचे दुकान चालत नाही, आणि मुले कमी झाली की सणाची मिरवणूकही निघत नाही. जी माणसे शेजार राखण्यासाठी एकवटली होती, त्यांच्या शेजाराला उपायानेच खिंडारे पडली. जे राहिले त्यांच्या खिडक्या बंद झाल्या. विमान ऐकू येईना, तशी शेजारणीची हाकही ऐकू येईना.

नाकामुरातल्या कोरियन कुटुंबांना तर हाही उपाय मिळाला नाही. त्यांची घरे सरकारी जमिनीवर, म्हणून बेकायदा, म्हणून साहाय्याला अपात्र. आवाज मात्र जमिनीचा उतारा पाहून येत नव्हता. ज्यांच्या बापजाद्यांनी विमानतळासाठी माती वाहिली, ते सर्वांत जवळ राहत होते आणि यादीत कुठेच नव्हते. त्यांच्यासाठी नगरपालिकेची घरे बांधून सोडवणूक करण्याचा करार व्हायला २००२ साल उजाडावे लागले. एकजुटीच्या गोष्टी सांगताना ही ओळ आपण बहुधा गाळतो, म्हणून मुद्दाम लिहितो. शेजारी कोण, हे ठरवताना कुंपण नेहमी कुणाला तरी बाहेर ठेवते.

शेवटची कलाटणी तर एखाद्या कादंबरीकाराने योजावी अशी आहे. इतामीच्या लोकांचा छळ टळावा म्हणून नवा विमानतळ किनाऱ्यापासून पाच किलोमीटरवर, समुद्रात भर घालून बांधला गेला. तो १९९४ च्या सप्टेंबरात सुरू झाला आणि आंतरराष्ट्रीय विमाने तिकडे गेली. योजना अशी होती की, तो उघडला की इतामी बंद व्हावा. परंतु त्याआधीच, १९९० साली, सरकार व आसपासच्या नगरपालिका यांच्यात करार होऊन इतामी चालू ठेवण्याचे ठरले. विमाने पूर्वीपेक्षा कमी आवाजाची झाली होती, रात्र मोकळी होती, आणि विमानतळावर पोट असलेली घरे त्याच गल्ल्यांत होती. २००७ साली इतामी शहराने १९७३ चा ठराव बदलला व आपण विमानतळाबरोबर नांदणारे शहर आहोत असे जाहीर केले. धावपट्टीच्या कडेला आवाज अडवण्यासाठी राखलेल्या जमिनीवर आता एक लांबलचक बाग आहे. सुटीच्या दिवशी माणसे डबे घेऊन तिथे बसतात आणि पोरे विमाने मोजतात.

कुणी म्हणेल, मग एवढा आटापिटा कशासाठी केला? त्याला उत्तर असे की, नांदायचे तर आधी भांडावे लागते. सासुरवाशिणीला हे कळते, कुळाला कळते, गिरणीतल्या कामगाराला कळते. इतामीच्या बागेत बसलेल्या माणसाला विमान पाहण्याची हौस वाटते, कारण ९ वाजता ते थांबणार आहे हे त्याला ठाऊक असते. ती खात्री त्याला कोणी फुकट दिलेली नाही. २८ माणसांनी १९६९ साली ती मागितली, बारा वर्षे मागत राहिली, कोर्टात हरली, आणि तरीही ती गावाच्या पदरात टाकून गेली. त्यांच्यातील कित्येकांची घरे आज तिथे नसतील. रात्र मात्र आहे.