नव्या पैलवानाची पहिली कुस्ती

यात्रेच्या आखाड्यातील शेवटची, मानाची कुस्ती पाहायला अख्खे गाव लोटते. पहिली कुस्ती मात्र फार थोडे लोक पाहतात. ऊन अजून उतरलेले नसते, वर्गणीचा हिशेब चालू असतो आणि हलगीवाल्याने नुकतीच हलगी शेकोटीवर तापवून घेतलेली असते. अशा वेळी दहा-बारा वर्षांची दोन मुले लाल मातीत समोरासमोर उभी राहतात. मातीला हात लावून तो कपाळी नेतात आणि एकमेकांच्या हाताला हात भिडवतात. दोन-चार मिनिटांत निकाल लागतो. जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या किंवा नारळ पडतो आणि पंच पुढची जोड पुकारतात. महाराष्ट्रातील बहुतेक पैलवानांची सुरुवात अशाच एखाद्या कुस्तीने झालेली असते. पण तिची नोंद कुठेही नसते.

नाशिक-पुणे रस्त्यावरील सिन्नर आज औद्योगिक वसाहतींसाठी ओळखले जाते. त्यापूर्वी ते विड्यांच्या धंद्यासाठी आणि गोंदेश्वराच्या प्राचीन मंदिरासाठी प्रसिद्ध होते. तालुक्याचा पूर्व भाग अवर्षणप्रवण आहे. चैत्र-वैशाखात शेतातील कामे आटोपलेली असतात, शाळांच्या वार्षिक परीक्षा संपत आलेल्या असतात आणि गावोगावच्या ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात. यात्रेच्या दुसऱ्या किंवा शेवटच्या दिवशी कुस्त्यांची दंगल ठेवण्याची रीत या भागात जुनी आहे. नवख्या मुलाला आखाड्यात उतरवण्याचा हंगाम तो हाच.

यात्रेतील कुस्त्यांचा क्रम

आखाड्याची पूजा झाल्यावर प्रथम लहान मुलांच्या कुस्त्या लावल्या जातात. त्यांना रेवडीवरच्या किंवा नारळावरच्या कुस्त्या म्हणतात. त्यानंतर बक्षिसाची रक्कम हळूहळू वाढत जाते. एकवीस, एक्कावन्न, एकशे एक अशी चढण चढत कुस्त्या हजारांच्या घरात पोहोचतात. मोठ्या इनामाच्या कुस्त्या बहुधा आधीच ठरलेल्या असतात आणि त्यांच्या मल्लांची नावे हस्तपत्रकांवर छापली जातात. लहान कुस्त्या मात्र जागेवरच ठरतात. त्यामुळे पत्रक वाचून कोणत्या नव्या मुलाची कुस्ती आहे, हे कधीच कळत नाही. त्यासाठी आखाड्यावर लवकर जाऊन बसावे लागते.

या कुस्त्या निकाली असतात. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावून त्याला चितपट केले, की कुस्ती संपली. गुण मोजले जात नाहीत आणि वेळेचे बंधनही सैल असते. बराच वेळ निकाल लागला नाही, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम दोघांत वाटून देतात.

जोड लावणे

नव्या पैलवानाच्या पहिल्या कुस्तीत सर्वांत महत्त्वाचे काम मुलांचे नसून जोड लावणाऱ्यांचे असते. आखाड्याच्या कडेला वजनकाटा नसतो आणि वयाचा दाखलाही कुणी मागत नाही. पंच मंडळी दोन मुलांना शेजारी उभे करतात. उंची, खांदे, मनगटे आणि मांड्या पाहतात. एखादा कोणत्या तालमीचा, किती दिवसांचा, हे वस्तादाला विचारतात आणि मग हात मिळवायला सांगतात. वस्तादाला जोड पसंत नसेल, तर तो आपल्या पोराला बाजूला घेतो. त्यात कमीपणा मानला जात नाही.

अनुभवी पंचाची नजर काट्याइतकीच पक्की असते, असे आखाड्यावर मानतात. ते पुष्कळदा खरेही असते. तरीही चूक होते तेव्हा तिची किंमत मुलालाच मोजावी लागते. दोन वर्षे तालमीत घाम गाळलेल्या मुलासमोर दोन महिन्यांचा नवखा उभा राहिला, तर निकाल हात मिळवण्यापूर्वीच ठरलेला असतो. क्वचित खांदा निखळतो किंवा मान मुरगळते. त्याहून अधिक वेळा शरीराला काहीच होत नाही, पण मुलगा पुन्हा लंगोट कसत नाही. अंगात गुण असूनही पहिल्या विजोड कुस्तीनंतर तालीम सोडणारी मुले किती, हे कोणीच सांगू शकत नाही. कारण ती आखाड्यात उतरली होती, हेच कुठे लिहिलेले नसते.

एकाच तालमीतील दोन मुलांची जोड शक्यतो लावत नाहीत. रोज एकमेकांशी लढत करणाऱ्यांना परस्परांचे डाव ठाऊक असतात. शिवाय आधीच ठरवून केलेल्या नूरा कुस्तीचा संशय प्रेक्षकांना येतो. परगावच्या मुलाला जोड मिळवून देणे हा यजमान गावाचा धर्म समजला जातो. एवढ्या लांबून आलेला पोरगा मातीला न लागता परत जाऊ नये, ही त्यामागील भावना असते.

पहिल्या कुस्तीपूर्वीची तालीम

तालमीत दाखल झालेल्या मुलाला लगेच आखाडा दाखवत नाहीत. आधी माती खोदणे, ती मळणे, झाडलोट करणे आणि वडीलधाऱ्या पैलवानांची सेवा, ही कामे त्याच्याकडे येतात. तालमीच्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल मिसळून ती मऊ ठेवतात. पहाटे जोर-बैठका आणि संध्याकाळी लढत, असा दिनक्रम असतो. डाव शिकवण्यापूर्वी पडायचे कसे, मान कशी राखायची आणि खाली गेल्यावर पोटावर कसे राहायचे, हे शिकवले जाते. त्यानंतर पट काढणे, टांग, ढाक, घिस्सा असे डाव येतात. नवख्याला एक-दोन डावच पक्के करून आखाड्यात सोडण्याकडे जाणत्या वस्तादांचा कल असतो.

खुराकाचा प्रश्न तालमीत शिरल्याच दिवशी सुरू होतो. दूध, तूप, बदाम आणि थंडाई यांचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या किंवा कारखान्यातील कामगाराच्या घराला जड जातो. त्यामुळे मुलाची पहिली कुस्ती घराच्या दृष्टीने एक परीक्षाच असते. नारळ घेऊन परतलेल्या मुलाला एक लिटर दूध वाढवून मिळते. पडून आलेल्याच्या बाबतीत ‘यंदा बघू’ असे म्हटले जाते. वास्तविक इतक्या लहान वयातील एका कुस्तीवरून काहीच सिद्ध होत नाही, हे वस्ताद जाणतो. ते घरच्यांना पटवून देणे, हा त्याच्या कामाचा मोठा भाग असतो.

जपानमधील व्यवस्था

नवख्या मल्लांच्या पहिल्या लढतींची अत्यंत काटेकोर व्यवस्था पाहायची असेल, तर जपानमधील व्यावसायिक सुमोकडे वळावे लागते. तेथे वर्षाला सहा मोठ्या स्पर्धा होतात आणि प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवस चालते. सुमोपटू होऊ इच्छिणाऱ्या मुलाला प्रथम एखाद्या ‘हेया’त, म्हणजे निवासी तालमीत, प्रवेश घ्यावा लागतो. संघटनेची वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण झाल्यावर त्याच्या पहिल्या लढती ‘माए-झुमो’ या नावाने होतात. सकाळी, प्रेक्षागृह जवळजवळ रिकामे असताना, क्रमवारीत अद्याप नाव नसलेली ही मुले एकमेकांशी झुंजतात. जपानी शाळांचे वर्ष मार्चमध्ये संपत असल्याने ओसाका येथील मार्चच्या स्पर्धेत नवख्यांची संख्या सर्वाधिक असते. परीक्षा उरकून मातीत उतरणाऱ्या आपल्याकडील मुलांची येथे आठवण होते.

लढती आटोपल्यावर या मुलांना प्रेक्षकांसमोर रिंगणात आणून त्यांची रीतसर ओळख करून दिली जाते. त्या वेळी त्यांच्या कमरेला उसने घेतलेले भरजरी वस्त्र असते. पुढच्या स्पर्धेच्या ‘बान्झुके’त, म्हणजे हस्तलिखित क्रमवारी पत्रकात, त्यांची नावे सर्वांत खालच्या जोनोकुची विभागात अगदी बारीक अक्षरांत येतात. एकूण विभाग सहा आहेत. खालच्या चार विभागांत एका स्पर्धेत सात लढती असतात. चार जिंकल्या तर सामान्यतः बढती मिळते, चार हरल्या तर घसरण होते. नियमित वेतन फक्त वरच्या दोन विभागांतील सत्तर मल्लांना मिळते. एकाच हेयातील मल्लांना, विजेतेपदासाठी बरोबरी झाल्याखेरीज, एकमेकांसमोर आणत नाहीत.

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे अखंड नोंद. मंगोलियाहून आलेला हाकुहो जपानमध्ये पोहोचला तेव्हा त्याचे वजन अवघे ६२ किलो होते. २००१ च्या मार्चमध्ये त्याने पदार्पण केले आणि मे महिन्यात सर्वांत खालच्या विभागात तो सातपैकी चार लढती हरला. पुढे तो योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदाचा मल्ल, झाला आणि त्याने विक्रमी ४५ विजेतेपदे मिळवली. पहिल्या स्पर्धेतील त्याचे अपयश कागदावर आहे, म्हणूनच ते आज प्रत्येक नवख्या मुलाला धीर देण्यासाठी सांगता येते.

मातीकडून गादीकडे

आपल्याकडे नोंद सुरू होते ती मुलगा वजनगटाच्या स्पर्धेत उतरल्यावर. शालेय आणि जिल्हा निवड स्पर्धांत वजन होते, वय तपासले जाते आणि निकालपत्रक तयार होते. तेथे कुस्ती गादीवर असेल, तर खेळच बदलतो. पाठ लावण्याबरोबरच गुण मोजले जातात. प्रौढ गटात तीन-तीन मिनिटांच्या, तर सतरा वर्षांखालील गटात दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. यात्रेत संयमाने प्रतिस्पर्ध्याला दमवणाऱ्या मुलाला येथे पहिल्याच मिनिटात धावपळ करावी लागते. अनेक मुलांना ही दुसरी ‘पहिली कुस्ती’ अधिक अवघड जाते.

सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनाही हा अनुभव आला. मातीत तयार झालेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, त्यांनी बॅंटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. लंडनमधील सहावा क्रमांक अपयश मानून ते थांबले असते, तर हे पदक मिळाले नसते.

सिन्नरच्या आसपासचे अलीकडील उदाहरण हर्षवर्धन सदगीर यांचे आहे. सिन्नरला दक्षिणेकडून लागून असलेल्या अकोले तालुक्यातील हा मल्ल भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत घडला आणि पुढे पुण्यात काका पवार यांच्याकडे सरावाला गेला. नाशिक जिल्ह्याकडून खेळताना जानेवारी २०२० मध्ये बालेवाडी येथे त्याने लातूरच्या शैलेश शेळकेला हरवून महाराष्ट्र केसरी किताब जिंकला. अंतिम फेरीतील दोघेही एकाच तालमीचे होते. जे यात्रेत टाळले जाते, ते येथे गुणवत्तेमुळे अटळ ठरले.

मुलींसाठीही ही वाट आता खुली झाली आहे. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. यात्रांच्या आखाड्यात मुलींच्या कुस्त्या लागतात तेव्हा योग्य जोडीचा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण उतरणाऱ्या मुलींची संख्या मोजकीच असते.

पाहणाऱ्याने काय पाहावे

नव्या पैलवानाची कुस्ती पाहताना निकालापेक्षा काही गोष्टी अधिक बोलक्या असतात. हात मिळवल्यावर मुलाची नजर प्रतिस्पर्ध्याच्या कमरेवर आणि पायांवर राहते की प्रेक्षकांकडे भिरभिरते? खाली गेल्यावर तो घाबरून उलटतो की पोटावर राहून श्वास सावरतो? शिकलेला एकच डाव फसल्यावर तो पुन्हा मारतो का? आणि पडल्यावर उठून समोरच्याला हात देतो का? वस्ताद मंडळी मुलाची पारख याच खुणांवरून करतात. पडलेल्या मुलाला जवळ बोलावून त्याच्या पाठीवरची माती झटकणारा वस्ताद दिसला, तर ती तालीम चांगली आहे, असे खुशाल समजावे.

यात्रा समित्यांनी एक छोटी गोष्ट केली, तर या कुस्त्यांचे मोल कितीतरी वाढेल. आखाड्यावर एक साधा वजनकाटा आणि एक वही ठेवावी. मुलाचे नाव, गाव, तालीम, वय, वजन, जोड आणि निकाल एवढेच त्यात लिहावे. विजोड कुस्त्या त्यामुळे आपोआप कमी होतील. कोण पुन्हा आला, कोण आला नाही, हे पुढच्या वर्षी कळेल आणि न आलेल्याच्या घरी जाऊन कुणाला तरी विचारपूस करता येईल. इनामाच्या पैशांचा हिशेब ठेवणारी वही प्रत्येक यात्रेत असतेच. तिच्या मागच्या चार पानांत रेवडीवरच्या सगळ्या कुस्त्या सहज मावतील.