मुक्काम : जयपूर

मराठी दप्तरांतील जुन्या पत्रांत ‘मुक्काम’ हा शब्द वारंवार भेटतो. लष्कर जिथे उतरले तो मुक्काम. तिथून खलिता लिहायचा, दोन दिवस विसावा घ्यायचा आणि पुढे कूच करायचे. मुक्काम म्हणजे वास्तव्य नव्हे. तो प्रवासाचाच एक भाग. जयपूर या नगराशी मराठी माणसाचा जो संबंध आला तो बहुतांशी अशा मुक्कामांचाच आहे. तरीही हिंदुस्थानी गायनातील ज्या घराण्यावर महाराष्ट्राने आणि गोव्याने आपला हक्क सांगावा, त्याच्या नावात हेच नगर कायमचे बसले आहे. हे कसे घडले, हा प्रश्न केवळ नावाचा नाही. कला कुठे जन्मते, कुठे वाढते आणि तिच्या इतिहासात कुणाचे नाव उरते, याविषयीच्या आपल्या समजुती त्यात गुंतलेल्या आहेत.

सवाई जयसिंहाने हे नगर १७२७ मध्ये वसवले. आखीव रस्ते, चौकड्या आणि रुंद बाजारपेठा यांमुळे ते लवकरच उत्तर हिंदुस्थानात नावाजले. त्यानंतर पाव शतकाच्या आतच मराठ्यांच्या फौजा त्याच्या वेशीशी येऊन उभ्या राहिल्या. गादीच्या वादात मल्हारराव होळकरांनी माधोसिंहाची बाजू घेतली होती. खंडणीच्या तगाद्याने गांजलेल्या ईश्वरीसिंहाने १७५० च्या डिसेंबरात विष घेऊन प्राण सोडला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, छावणीतील अनेक मराठे हे नवे नगर, त्यातील देवळे आणि बाजार पाहण्यासाठी तटाच्या आत गेले. शहरात उसळलेल्या दंग्यात त्यांची कत्तल झाली. नगर पाहावे एवढ्याच हौसेने गेलेल्या माणसांचा हा अल्पकालीन मुक्काम दोन्ही पक्षांच्या मनात दीर्घकाळ सलत राहिला असल्यास नवल नाही.

या वैराच्या छायेतच सवाई प्रतापसिंहाची कारकीर्द (१७७८–१८०३) येते. महादजी शिंद्यांशी तुंग्याच्या रणांगणावर १७८७ मध्ये झुंजणारा आणि १७९० मध्ये पाटणच्या लढाईतील पराभव सोसणारा हा राजा ‘ब्रजनिधि’ या नावाने काव्य लिहीत असे. हवामहालही त्याचाच, १७९९ मधील. त्याच्या आश्रयाखाली विद्वान आणि कलावंत एकत्र येऊन ‘संगीतसार’ हा ग्रंथ सिद्ध झाला. शास्त्रग्रंथ आणि प्रत्यक्षातले गाणे यांच्यामधले अंतर जाणून प्रचारातील रागरूपे नोंदवण्याचा हा प्रयत्न होता. बिलावलाच्या सप्तकाला शुद्ध सप्तक मानण्याच्या दृष्टीने पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना या ग्रंथाची साक्ष मोलाची वाटली.

येथे इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले आहे. ‘संगीतसार’ छापून निघाला तो जयपुरात नव्हे, पुण्यात. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गायन समाजाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी तो प्रसिद्ध केला. ज्या पेशवाईच्या सरदारांशी प्रतापसिंह आयुष्यभर लढला, त्या पेशवाईच्या राजधानीत, ती लयाला गेल्यावर सुमारे शंभर वर्षांनी, त्याचा ग्रंथ जुळाऱ्याच्या हाती पडला. याला काव्यगत न्याय म्हणण्याचा मोह होतो. पण त्यात मराठी संगीतव्यवहाराची एक खूण आहे, हे अधिक महत्त्वाचे. स्वतःच्या प्रांतात दरबारी परंपरेचे भांडार तुलनेने तुटपुंजे असलेल्या या समाजाने दुसऱ्यांची भांडारे जतन करण्याचे, छापण्याचे आणि शिकवण्याचे काम आपले मानले. भातखंडे स्वतः जयपूरला जाऊन आले. तेथील मनरंग परंपरेतील महंमद अली खाँ ‘कोठीवाल’ यांच्या घरच्या चिजांचा मोठा ठेवा त्यांनी मिळवला, तोही याच वृत्तीने. त्यांचाही तो मुक्कामच होता; पण त्यातून हिंदुस्थानभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडणारी पुस्तके सिद्ध झाली.

तिसऱ्या मुक्कामाची कथा सर्वांत फलदायी आहे. १८५६ मध्ये लखनौची नवाबी खालसा झाली आणि पुढच्याच वर्षीच्या उठावानंतर दिल्लीचा दरबार संपला. आश्रय हरपलेले गुणीजन संस्थानांकडे वळले. जयपुरात तेव्हा सवाई रामसिंह (कारकीर्द १८३५–१८८०) राज्य करीत होता. राजवाड्याच्या कारखान्यांपैकी एक ‘गुणीजनखाना’ होता. गवई, बीनकार, सतारिये, नर्तक यांची तिथे रीतसर नेमणूक होई आणि त्यांना वेतन मिळे. बीनकार रजब अली खाँ, ध्रुपदिये बहराम खाँ, सतारिये इमरत सेन आणि ख्यालिये मुबारक अली खाँ ही नावे पाहिली तरी त्या काळच्या जयपुराची श्रीमंती कळते. निरनिराळ्या बाजांचे कलावंत एकाच नगरात नांदत असल्याने एकाचे गाणे दुसऱ्याच्या कानावर पडणे अपरिहार्य होते.

याच वातावरणात एक तरुण वावरत होता. अल्लादिया खाँ यांचा जन्म १८५५ मध्ये जयपूरजवळच्या उनियारा येथे झाला. घराण्याचे मूळ गाव अलीगढजवळचे अत्रौली, परंपरा ध्रुपद-धमाराची. वडील ख्वाजा अहमद खाँ यांच्या पश्चात चुलते जहाँगीर खाँ यांनी त्यांना घडवले. म्हणजे तालीम घरची होती. जयपूरने दिले ते श्रवण. मुबारक अली खाँ यांच्या पेचदार, वळणावळणाच्या फिरतीचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. ते त्यांचे गंडाबंध शागीर्द नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या गुरुशिष्यपरंपरेच्या वंशावळी किती अपुऱ्या असतात हे जाणवते. वंशावळीत तालीम नोंदवली जाते, श्रवण नोंदवले जात नाही. कुणी कुणाला शिकवले हे आपण सांगतो. कुणी कुणाला चोरून वा मुक्तपणे ऐकले, याचा हिशेब राहत नाही.

पुढे भटकंतीच्या काळात सतत गात राहावे लागल्याने खाँसाहेबांचा आवाज बसला आणि पूर्वीसारखा तो परत आला नाही. उरलेल्या आवाजातून त्यांनी आपली गायकी नव्याने बांधली: लयीच्या अंगाने चालणारी, आवर्तनाला गुंफून घेणारी, अनवट आणि जोड रागांत रमणारी. ही बांधणी पूर्णत्वाला गेली ती जयपुरात नव्हे, कोल्हापुरात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शाहू महाराजांनी त्यांना दरबारी ठेवले. १९२२ मध्ये महाराज निवर्तल्यावर खाँसाहेब मुंबईस आले आणि १९४६ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, पुत्र मंजी खाँ आणि भुर्जी खाँ, त्या दोघांकडून मल्लिकार्जुन मन्सूर, मोगूबाईंकडून किशोरी आमोणकर: हा सारा विस्तार दक्खन आणि कोकणपट्टीतला आहे. गोविंदराव टेंब्यांनी खाँसाहेबांचे चरित्र लिहिले ते मराठीत. वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) या गायकीतील स्वर-लयीच्या समतोलाची मीमांसा केली तीही मराठीत.

मग हे घराणे ‘कोल्हापूर’ का नव्हे? काहींनी ‘अल्लादिया खाँ घराणे’ हेच नाव न्याय्य मानले आहे आणि त्यात तथ्य आहे. कथकाच्या जगात ‘जयपूर घराणे’ म्हणजे निराळेच काही; सतारीच्या इतिहासात आणखी निराळे. तेव्हा स्थलनाम हे वर्णन म्हणून फारसे अचूक नाही. परंतु नावाकडे केवळ वर्णन म्हणून पाहणे पुरेसे नसते; ते कधी ऋणाची कबुलीही असते. कोल्हापूरने स्थैर्य दिले, मुंबईने श्रोता दिला, गोव्याने कंठ दिले. कान मात्र जयपुरात तयार झाला होता. अत्रौली हे नाव रक्ताचे आणि तालमीचे. जयपूर हे नाव श्रवणाचे. ‘जयपूर-अत्रौली’ या जोडनावात वंशावळीने वगळलेली गोष्ट परत आली आहे.

आपण मराठी समीक्षक या गायकीला ‘आपली’ म्हणतो तेव्हा हा हिशेब विसरता कामा नये. ती आपल्याकडे आली, राहिली, वाढली. पण तिच्या जडणघडणीत दिल्ली-लखनौच्या विध्वंसातून पांगलेल्या आणि एका नगरात काही काळ एकत्र आलेल्या कलावंतांचा वाटा आहे. रामसिंहानंतर गुणीजनखाना चालू राहिला तरी ती जमवाजमव तशी टिकली नाही. कलावंत पुन्हा नव्या आश्रयांच्या शोधात निघाले. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. तिच्यामागे उभ्या असलेल्या स्थानांची यादी करायची झाली, तर गोव्यातील केरी, मुंबई, कोल्हापूर आणि अत्रौली यांच्या जोडीला उनियाऱ्याच्या त्या तरुणाचा जयपूरचा मुक्कामही लिहावा लागेल.